जपून ठेवावी अशी चिठ्ठी

कडकताई हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस त्या रस्त्यावर शोधूनही सापडलं नसतं. लाँड्रीच्या धंद्यात तिला सव्वीस वर्षं झाली होती. कॉलर कडक, बोलणं कडक, आणि कपडे न्यायला आठवडाभर उशिरा उगवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघणं तर त्याहून कडक. तेव्हा हे नाव कुणी ठेवलं याची चौकशी करण्यात अर्थ नव्हता. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

दुकान लांबीला दहा पावलं, रुंदीला चार. मागे धुलाईची दोन मशीनं, त्यातलं एक पिळताना सगळ्या इमारतीला कळेल असं थरथरायचं. मध्ये लांब टेबल, त्यावर दुहेरी ब्लँकेट, वर पांढरी चादर, आणि तिच्यावर इस्त्री टेकायच्या जागी चॉकलेटी झालेला एक त्रिकोण. इस्त्री साडेसहा किलोंची. हलक्या वाफेच्या इस्त्र्या बाजारात येऊन जमाना झाला, पण तिच्या मते ती खेळणी होती, बाहुलीचे कपडे करायला ठीक.

तिच्या दोन सवयी होत्या. पहिली, कपडा कुणाचाही असो, पाण्यात पडण्याआधी त्याचा प्रत्येक खिसा उलटा व्हायचा. दुसरी, खिशातून ओला किंवा चुरगळलेला कागद निघाला की ती तो चादरीवर पसरायची, वर मलमलचं पातळ फडकं टाकायची, इस्त्री एकदाच फिरवायची आणि सपाट झालेला कागद कपड्याच्या घडीत ठेवून द्यायची. डॉक्टरांची औषधं लिहिलेले कागद, परीक्षेचे निकाल, भाड्याच्या पावत्या, दोन-तीन प्रेमपत्रं, सगळं तिने असं कडक करून परत केलं होतं. त्यातलं एकही अक्षर वाचलं नाही असं ती सांगायची. आपण विश्वास ठेवावा.

विश्वासाचा विषय निघालाच आहे तर बारक्याकडे यावं लागतं. बारक्या तिचा धाकटा भाऊ. नाव बारक्या असलं तरी दारातून आत येताना वाकावं लागायचं. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ही सोळाची. त्याला शाळेत घालण्यापासून त्याच्यासाठी मुलगी बघण्यापर्यंत सगळं हिने केलं. गावातल्या मोठ्या बेकरीत तो चौदा वर्षं भट्टीवर होता. त्या बेकरीचा पाव इस्पितळात जायचा, म्हणून तिथल्या प्रत्येक कामगाराला वर्षातून एकदा पोलिसांकडून स्वच्छ चारित्र्याचा दाखला आणावा लागायचा. बारक्याने चौदा दाखले आणले. पंधरावा मिळाला नाही.

झालं ते अगदी क्षुल्लक. बेकरीच्या फाटकाशी गाडी लावण्यावरून वाद झाला, ढकलाढकली झाली, समोरच्याच्या स्कूटरचा आरसा फुटला. खटला उभा राहिला. न्यायालयाच्या खिडकीतून बारक्याला मशीनमधून निघालेली एक चिठ्ठी मिळाली, दुकानात बिल छापून येतं तशी, गुळगुळीत कागदाची. तारीख होती चार महिन्यांनंतरची. त्या तारखेला बारक्या गेला नाही. पुढच्या आठवड्यात पोलिसांनी त्याला भट्टीसमोरून उचलला, हाताला पीठ तसंच. एकोणीस दिवस तो कोठडीत होता. मूळ खटला नंतर पाच मिनिटांत ताकीद देऊन मिटला, पण त्याच्या नावापुढे शेरा पडला तो पडलाच: 'हेतुपुरस्सर गैरहजर'. हा शेरा असलेल्या माणसाला दाखला मिळत नाही आणि दाखल्याशिवाय बेकरीत उभं करत नाहीत. मालक भला होता. शेरा निघाला तर उद्या ये म्हणाला. तेव्हापासून बारक्या भाजीबाजारात पेट्या उतरवत होता.

कोठडीत भेटायला ती गेली होती. जाळीपलीकडून बारक्याने सांगितलं की चिठ्ठी अॅप्रनच्या खिशात जपून ठेवली होती, बघायला काढली तर पूर्ण काळी पडलेली, एक आकडा दिसेना. हिचं टाळकं सरकलं. लहानपणी शाळा बुडवली की तो अशाच गोष्टी रचायचा. एकदा तर दप्तर नदीने ओढून नेलं म्हणाला होता, आणि शाळेच्या वाटेवर नदीच नव्हती. ती म्हणाली, "विसरलो म्हण. चुकलो म्हण. पण काळ्या चिठ्ठीच्या गोष्टी मला सांगू नकोस. तुझी ही सवय काही गेली नाही."

बारक्या जाळीपासून उठून आत निघून गेला. दोन वर्षं भाऊ-बहीण एकाच गावात, चार रस्त्यांच्या अंतरावर राहिली आणि एकमेकांशी बोलली नाहीत. भावजय अधूनमधून कपडे घेऊन यायची, खुशाली सांगायची आणि डोळे पुसत जायची. कडकताई त्या कपड्यांचे पैसे घ्यायची नाही आणि मागे हटायचीही नाही.

अशात एक दिवस बसथांब्यावर कागद चिकटला. गावात पोलीस, कोठडी आणि न्यायालय लहानसहान गुन्ह्यांत लोकांशी कसं वागतात, त्यात काय सुधारावं, हे सांगायला न्यायालय नागरिकांची सल्लागार समिती नेमत होतं. पगार नाही, मानधन नाही, महिन्यातून दोन बैठका, चहा मिळेल. हिने अर्ज आणला. त्यात एक रकाना होता, 'आपल्याला या कामात रस का आहे?' इतरांनी तिथे समाजाचं ऋण वगैरे लिहिलं होतं. हिने लिहिलं, 'राग आला आहे म्हणून.' भाऊ विसरला तर विसरला, पण एका विसरण्याला एकोणीस दिवस आणि वर जन्माची नोकरी, हा कुठला हिशेब, असं तिचं म्हणणं होतं. नवऱ्याने अर्ज वाचला आणि म्हणाला, "जा तू. त्या समितीलाही जरा इस्त्री होईल."

समिती नऊ जणांची. अध्यक्ष एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे हेडबाई म्हणत, आणि त्या बैठकीतही उशिरा येणाऱ्याला दारात उभं करत. एक न्हावी होता, एक औषधाच्या दुकानाचा मालक होता, एक टॅक्सीवाला होता. बाकीचे बोलत कमी आणि चहा घेत जास्त. न्यायालयाच्या बाजूने कार्यालयाचे अधीक्षक बसायचे. माणूस सरळ, टापटिपीचा, पेन्सिलींची टोकंसुद्धा एका लांबीची. पण आपल्या व्यवस्थेला कुणी बोट लावलं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची.

अर्जात दुसराही एक रकाना होता, नात्यात कुणावर खटला झाला आहे का. हिने लिहिलं होतं, 'सख्खा भाऊ.' पहिल्याच बैठकीनंतर हेडबाईंनी तिला थांबवून घेतलं. त्या म्हणाल्या, "खरं लिहिलंत हे बरं केलंत. पण घरचा विषय या टेबलावर आणायचा नाही. भावाचं नावही नाही. शब्द देता?" तिने दिला. मनात म्हणाली, त्याचं नाव मी घरातही घेत नाही, इथे कशाला घेते.

पहिल्या तीन बैठका तिने जाडजूड फायली वाचण्यात घालवल्या. त्यातलं निम्मं तिला कळलं नाही आणि जे कळलं नाही ते तिने विचारलं, त्यामुळे बैठका लांबल्या. चौथ्या बैठकीत अधीक्षकांनी आकडे मांडले. शंभर जणांना तारखा दिल्या तर एकतीस जण येतच नाहीत. मग वॉरंट, मग कोठडी, मग पोलिसांचा वेळ, न्यायालयाचा वेळ. का येत नाहीत? त्यांनी कारणांची यादी वाचली. आजारी होतो. परगावी होतो. विसरलो. आणि चिठ्ठी कोरी झाली. इथे अधीक्षक जरा हसले. "काही जण तर चिठ्ठी काळी पडली म्हणतात. निदान एक रंग तरी ठरवून या म्हणावं." सगळं टेबल हसलं. कडकताईही हसली. ते हसू तिला पुढे फार दिवस टोचत राहिलं.

कारण पुढच्याच आठवड्यात एक रंगारी कपड्यांची पिशवी घेऊन दुकानात आला. पिशवीत त्याचा चहाचा थर्मास सांडला होता. खिसे उलटे करताना सदऱ्यातून एक ओली चिठ्ठी निघाली. हिने नेहमीप्रमाणे ती चादरीवर पसरली, मलमल टाकली, इस्त्री एकदा फिरवली आणि फडकं उचललं.

चिठ्ठी तव्याच्या बुडासारखी काळी झाली होती.

सव्वीस वर्षांत तिच्या हातून कागद बिघडला नव्हता. आधी तिला वाटलं इस्त्रीला काही लागलंय. तिने इस्त्री उलटी करून पाहिली, बूड लख्ख होतं. मग चिठ्ठी उलटी केली. मागची बाजू पांढरीच होती आणि तिच्यावर साध्या निळ्या शाईत न्यायालयाचा शिक्का, कागदाच्या रोलचा नंबर आणि एक ओळ छापलेली होती: 'ही चिठ्ठी जपून ठेवावी.' ती खुर्चीत बसली. काळी पडली, एक आकडा दिसत नाही. जाळीपलीकडचा आवाज तिला जसाच्या तसा ऐकू आला. मागचं मशीन पिळायला लागलं, इमारत थरथरली, आणि पदराने तोंड दाबून ही बाई इतकी रडली की समोरच्या दुकानदाराने येऊन विचारलं, भाजलं का.

भाजलंच होतं, पण ते त्याला काय सांगणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रंगाऱ्याला घेऊन न्यायालयाच्या खिडकीवर गेली. इस्त्रीने चिठ्ठी काळी पडली असं रंगाऱ्याने सांगितलं, तर आतला कारकून म्हणाला, आता हे इस्त्रीचं नवीन काढलंत का. "मी केली इस्त्री," कडकताई म्हणाली, "तारीख सांगा." तारीख मिळाली. तिथून ती थेट औषधवाल्याकडे गेली, कारण त्याच्या दुकानात बिलं अशाच मशीनवर निघायची. त्याने समजावून सांगितलं की यात शाईच नसते. कागदालाच लेप असतो, मशीनचं डोकं तापतं आणि जिथे टेकतं तिथे कागद काळा पडतो. सगळाच कागद तापला तर सगळाच काळा. उलट प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून अंगाशी ठेवला, किंवा तेलाचा हात लागला, तर अक्षरं उडून कोरा. "आम्ही महत्त्वाच्या बिलांची झेरॉक्स काढून ठेवतो," तो सहज म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचाच चेहरा उतरला, कारण त्या दिवशी टेबलावर तोही हसला होता.

संध्याकाळी ती चार रस्ते चालून बारक्याच्या घरी गेली. दोन वर्षांनी. भावजयीने दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. आत बारक्या जेवत होता. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि इकडचं तिकडचं काहीही न बोलता म्हणाली, "तू खरं बोलत होतास. मी तुला खोटा ठरवला. मला माफ कर."

बारक्याने घास खाली ठेवला. मग उठला, फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून एक काळी चिठ्ठी तिच्या हातात दिली. कोठडीत हवालदाराला दाखवली तर तो म्हणाला, हा काय कार्बनचा कागद. त्याआधी तारीख विचारायला खिडकीवर गेला होता, तर कारकुनाने ती हातातसुद्धा घेतली नव्हती. आणि ताईला दाखवायची म्हणून खिशात ठेवली होती, तर ताईने तोंडच बंद केलं. त्याने हे सगळं रागावून सांगितलं नाही, पेट्या मोजून द्याव्यात तसं सांगितलं. तिने चिठ्ठी उलटी केली. मागे निळा शिक्का होता, नंबर होता, आणि जपून ठेवावी ही ओळ होती.

"ठेवली जपून," बारक्या म्हणाला. "सांगितलं होतं ना त्यांनी."

त्यावर ती हसली आणि पुन्हा रडली, आणि भावजयीने दोघांनाही जेवायला वाढलं.

पण कडकताईने शब्द दिला होता. भावाचं नाव टेबलावर येणार नव्हतं, म्हणजे ही चिठ्ठीही येणार नव्हती. तिने दुसरा मार्ग काढला. औषधवाल्याच्या मशीनमधून एकाच रोलच्या पंधरा चिठ्ठ्या निघाल्या, प्रत्येकीवर तारीख. पाच न्हाव्याने प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून खिशात बाळगल्या. पाच टॅक्सीवाल्याने काचेखाली उन्हात ठेवल्या. पाच तिने बेकरीच्या मालकाला नेऊन दिल्या आणि भट्टीवरच्या पाच जणांच्या अॅप्रनमध्ये घातल्या. हेडबाईंनी प्रत्येक चिठ्ठीवर सही केली, म्हणजे मागाहून कुणी बदलली म्हणायला नको. सहा आठवडे गेले. दर सोमवारी न्हावी दुकानात यायचा आणि खिसा थोपटून सांगायचा की पोरं शाबूत आहेत.

तिमाही बैठकीला मुख्य न्यायाधीश स्वतः येणार होते. केस पिकलेले, कमी बोलणारे, निवृत्तीला वर्ष राहिलेले. सल्ला समितीने द्यायचा आणि घ्यायचा की नाही ते त्यांनी ठरवायचं, असा नियम होता. त्या दिवशी कडकताई इस्त्री घेऊन निघाली. साडेसहा किलो इस्त्री, चादर, मलमल, वायर. उचलायला बारक्या आला. त्याला तिने बजावलं की तू बाहेर बाकावर बसायचं, आत पाऊल टाकायचं नाही.

टेबलावर चादर पसरताना अधीक्षकांनी विचारलं की हे काय चाललंय. ती म्हणाली, "साहेब, तुमच्याच मशीनमधून एक ताजी चिठ्ठी काढून आणा. माझी नको." अधीक्षक उठून गेले आणि घेऊन आले. तिने चिठ्ठी न्यायाधीशांना दाखवली. तारीख स्वच्छ दिसत होती. मलमल टाकली, इस्त्री फिरवली, फडकं उचललं. चिठ्ठी काळी ठिक्कर. न्हाव्याच्या तोंडून एक समाधानाचा आवाज निघाला, गिऱ्हाइकाला आरसा दाखवताना निघतो तसा.

अधीक्षक लगेच म्हणाले की चिठ्ठीला इस्त्री कोण करतं. प्रश्न रास्त होता आणि तिला तो हवाच होता. तिने पंधरा चिठ्ठ्या मांडल्या. पाकिटातल्या पाचांपैकी चार कोऱ्या, पाचवीवर फक्त वर्षाचा आकडा. काचेखालच्या पाचही करड्या, दोन वाचता येत होत्या, त्याही डोळे ताणून. अॅप्रनमधल्या पाचांपैकी तीन काळ्याकुट्ट. मग ती म्हणाली, "पाकिटात ठेवणारा विसरभोळा नसतो साहेब. तोच तर जपून ठेवत असतो. फेकून देणाऱ्याची चिठ्ठी खराब होत नाही, ती हरवते. खराब होते ती रोज अंगावर बाळगणाऱ्याची. तुम्ही ज्यांना खोटे म्हणालात ते तुमचं ऐकणारे लोक होते."

हे तिने पाठ केलं नव्हतं. बोलून झाल्यावर ती इस्त्रीची मूठ धरून उभी राहिली.

अधीक्षकांनी चिठ्ठ्या एकेक हातात घेतल्या. चार वर्षांपूर्वी हे मशीन त्यांनीच आणलं होतं. खिडकीवरची तीन तासांची रांग त्यामुळे अर्ध्या तासावर आली होती, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. त्यांनी आठी घातली, काढली, आणि म्हणाले, "मी एकदाही उलटून पाहिली नाही." एवढंच. त्या माणसाबद्दल तिच्या मनात होता नव्हता तो राग तिथे संपला.

न्यायाधीशांनी विचारलं की हे सगळं प्रयोगातलं झालं, प्रत्यक्ष खटल्यातली अशी एखादी चिठ्ठी कुणी पाहिली आहे का. कडकताईने ओठ मिटून घेतले. तिच्या आयुष्यात गप्प बसण्याचे प्रसंग बोटावर मोजण्याइतके, त्यातला हा सगळ्यात अवघड. हेडबाईंनी तिच्याकडे पाहिलं. शाळेत चाळीस वर्षं पोरांचे चेहरे वाचलेल्या बाईला आणखी काही विचारावं लागलं नाही. "तुम्ही बाहेर बसा," त्या म्हणाल्या. "या विषयात तुम्ही बोलणार नाही आणि मतही देणार नाही. आणि बाहेर जो आहे त्याला आत पाठवा."

बारक्या वाकून आत गेला. दार बंद झालं. ती बाकावर बसली. भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्याकडे ती बघत नव्हती असं मुळीच नाही. दारातून कुजबुजीपलीकडे काही ऐकू येईना. बावीस मिनिटांनी दार उघडलं, आणि बारक्या साडेसहा किलोंची इस्त्री एका हातात झुलवत बाहेर आला. काय झालं म्हणून तिने विचारलं तर म्हणाला, नंबर जुळवून बघणार आहेत, चल.

चिठ्ठीमागचा नंबर बारक्याला तारीख दिली त्या दिवशीच्या रोलशी जुळला. कुठला रोल कुठल्या आठवड्यात वापरला याची नोंद अधीक्षकांच्या टापटिपीमुळे दिवसासकट होती. त्यांनीच ती शोधून काढली आणि त्यांनीच न्यायाधीशांपुढे ठेवली. महिन्याभरात मशीनच्या चिठ्ठ्या बंद झाल्या. आता खिडकीतून जाड कार्डावर शाईत तारीख मिळते, आठवडाभर आधी फोनवर निरोप येतो, आणि निरोप पोचल्याची खात्री झाल्याशिवाय पहिल्या गैरहजेरीला वॉरंट निघत नाही. चार वर्षांतले सगळे शेरे पुन्हा तपासले गेले. समितीचे नऊही जण त्या कामाला बसले, फक्त बारक्याचा कागद आला की कडकताई उठून बाहेर जायची. एकशे त्रेचाळीस जणांचा शेरा न्यायाधीशांनी पुसला. न्यायालयाच्या मोठ्या दालनात त्यांनी यादी वाचली, तेव्हा उभं राहायला जागा नव्हती. त्यातले कित्येक जण पांढरी नाहीतर काळी चिठ्ठी अजून खिशात घेऊन आले होते. यादी संपल्यावर न्यायाधीश उभे राहिले आणि म्हणाले की या लोकांनी खरं सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही, याचं मला वाईट वाटतं. दालनात एक म्हातारा कामगार मोठ्याने हसू लागला, आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. न्हाव्याने शिट्टीसुद्धा वाजवली. हेडबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पण त्या दिवशी त्याला उभं केलं नाही.

सहा महिन्यांनी अधीक्षकांनी पुन्हा आकडे मांडले. शंभरात येत नव्हते ते आता फक्त आठ.

तर त्या यादीनंतरच्या रविवारी बारक्या दुकानात आला. पंधरावा दाखला त्याने काउंटरवर ठेवला आणि त्याच्या शेजारी बेकरीचा नवा पांढरा अॅप्रन. म्हणाला, "सोमवारी पहिला दिवस आहे. कडक पाहिजे."

तिने सवयीने अॅप्रनचा खिसा उलटा केला. त्यात ती काळी चिठ्ठी होती. न्यायाधीशांनी त्याला परत दिली होती. तिने ती चादरीच्या कडेला ठेवली, अॅप्रन पसरला, पाणी शिंपडलं आणि इस्त्री फिरवायला लागली. मग गेले दोन महिने पोटात ठेवलेला प्रश्न विचारलाच, की त्या दिवशी आत बावीस मिनिटं काय चाललं होतं.

बारक्या स्टुलावर बसला. न्यायाधीशांनी चिठ्ठी उलटीसुलटी केली, म्हणाला. मग विचारलं, हे तू कुणाकुणाला सांगितलं होतंस. मी म्हणालो, सगळ्यांना. मग त्यांनी विचारलं, कुणाचा विश्वास बसला?

इस्त्री थांबली. "मग?"

"मी म्हणालो, माझ्या ताईचा. पहिल्या दिवसापासून."

अॅप्रनवरून वाफ वर येत होती. तिला समोरचं नीट दिसेना. "अरे, न्यायाधीशांसमोर खोटं बोललास?"

"एवढंच बोललो," बारक्या म्हणाला. "बाकी सगळं खरं होतं. इस्त्री उचल ताई, अॅप्रन जळेल."

तिने इस्त्री उचलली. अॅप्रनच्या छातीवर पिवळसर त्रिकोण उमटला होता, रंगाऱ्याच्या चिठ्ठीनंतर तिच्या हातून झालेला सव्वीस वर्षांतला दुसरा बिघाड. नवा शिवून देते म्हणाली, तर तो ऐकेना. तोच अॅप्रन घालून सोमवारी पहाटे बारक्या भट्टीसमोर उभा राहिला, आणि तो डाग कशाचा म्हणून कुणी विचारलं की सांगायचा, माझ्या ताईने इस्त्री केली आहे.